जोडी अर्धी सोडायची नाही

मित्रांनो, मी मोजे विणायची एक जुनी मशीन आहे. जुनी म्हटल्याबरोबर कोपऱ्यात धूळ खात बसलेली म्हातारी डोळ्यांसमोर आणू नका. बसणं मला जमतच नाही. बटण दाबलं की मी फिरते. बटण बंद केलं तरी दोन-चार फेरे फिरून घेते. पार थांबले तरी माझा एखादा स्क्रू कुठेतरी कुरकुरत राहतो. म्हणून तर कारखान्यात माझं नाव पडलं चुळबुळी. आत्ता ही गोष्ट सांगतानाही माझं अर्धं लक्ष धाग्याकडे आहे, तेव्हा मध्येच घाई केली तर सांभाळून घ्या.

माझ्या पोटात एकशे चव्वेचाळीस सुया आहेत, गोल रांगेत उभ्या. प्रत्येकीच्या टोकाला इवलासा बाकदार आकडा. त्या वर-खाली नाचतात, धागा पकडतात, आणि खालून मोजा उतरतो. आधी वरची इलॅस्टिकची पट्टी, मग पाय, मग टाच आणि शेवटी बोटं. बोटांकडचं तोंड मात्र मला मिटता येत नाही, ते माणसालाच शिवावं लागतं. एवढं एक सोडलं तर मला सगळं येतं. तीन मिनिटांत एक मोजा! हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

मी आले ती एका लांबट खोलीत. रस्त्याच्या कडेला, पुढे लोखंडी शटर, मागे एक खिडकी. मला आणलं ताईंच्या वडिलांनी. ते गेल्यावर कारखाना ताईंनी हातात घेतला. कारखाना म्हणजे काय, पाच माणसं आणि मी. ताई मालकीण. पण कुणी 'मालकीणबाई' अशी हाक मारली की त्या मागे वळून बघायच्या, दुसरंच कुणी आलंय की काय म्हणून. मास्तर मला चालवायचे. मला तेल घालायचं, सुया बदलायच्या आणि माझ्याशी भांडायचं, हे त्यांचं काम. वहिनी मोज्यांची तोंडं शिवायच्या. मामा ते मोजे अॅल्युमिनियमच्या सपाट पायांवर चढवून वाफेच्या पेटीत ढकलायचे, म्हणजे मोजा कडक इस्त्रीचा निघायचा. आणि खिडकीपाशी, लाकडी स्टुलावर, ताईंची आई. त्या जोड्या लावायच्या. दोन मोजे हातात घेऊन नुसते ओढून बघायचे आणि सांगायचं, "ही जोडी नाही, हे दोघं अनोळखी आहेत."

या कारखान्याचा एक नियम होता. ताईंच्या वडिलांनी घालून दिलेला. जोडी अर्धी सोडायची नाही. एक मोजा विणला की दुसरा त्याच धाग्याच्या कोनावरून, म्हणजे शंकूसारख्या रिळावरून, त्याच दमात विणायचा. मध्ये मशीन थंड झाली तर दुसरा मोजा केसभर घट्ट उतरतो, असं त्यांचं म्हणणं. मग जेवायची वेळ होवो, कुणी पाहुणा येवो, जोडी पुरी झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. एकदा शेजारी 'आग, आग' अशी ओरड झाली. सगळे बाहेर पळाले. मास्तर आत, दुसऱ्या मोज्याच्या टाचेवर! नंतर कळलं की कुणाचं तरी दूध करपलं होतं. मास्तर म्हणाले, "मला वाटलंच होतं." वाटलं कसलं, घामाने त्यांचा सदरा भिजला होता, मी पाहिला.

चांगली बरीच वर्षं गेली. आम्हाला एक मोठं गिऱ्हाईक मिळालं. कपड्यांचं एक भलंमोठं दुकान, गावोगावी त्याच्या शाखा. शाळेचे गडद निळे मोजे, वर दोन लाल पट्टे, ही त्या दुकानाची खूण. वर्षाकाठी मी विणलेला जवळजवळ प्रत्येक मोजा तिथेच जायचा. बाकीची लहानसहान गिऱ्हाइकं ताईंनी हळूहळू सोडून दिली. कोण चार जोड्यांसाठी दारात उभं राहणार? हप्त्यांवर एक नवी कोरी मशीनसुद्धा आली. तिला काचेचा पडदा होता. काही बिनसलं की ती पीं पीं करायची. मास्तर दिवसभर तिच्याभोवती. खरं सांगते, माझा जळफळाट व्हायचा.

आणि मग, मित्रांनो, मंदी आली. मंदी म्हणजे काय, ते मला कुणी समजावलं नाही. मला दिसलं ते एवढंच. रस्त्यावरून जाणारी माणसं तीच, पण त्यांच्या हातातल्या पिशव्या सपाट झाल्या. ज्याला त्याला वाटू लागलं, यंदा राहू दे, जुनंच वापरू. समोरच्या ब्रशवाल्याने आपले दोन कारागीर घरी पाठवले. मग ते कारागीर कोपऱ्यावरच्या दुकानात येईनासे झाले, आणि त्या दुकानाचं शटर खाली आलं. असं एकाचं दुसऱ्याला लागत गेलं.

एके सकाळी मोठ्या दुकानातून ताईंना फोन आला. माल सध्या पाठवू नका, थोडं थांबा. ताईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "थांबा म्हणालेत. नको नाही म्हणाले."

"मग आपण विणत राहू," मास्तर म्हणाले. "शाळा काय बंद होणार आहेत? हाक आली की तयार माल ट्रकात! बाकीचे बघत राहतील."

मामांनी मान डोलावली, वहिनींनी डोलावली. घरात होता नव्हता तेवढा धागा आम्ही दोघी मशिनींनी पंधरा दिवसांत संपवला. तीन हजार जोड्या! वर दोन लाल पट्टे. आणि मी तुम्हाला काय सांगू, त्या पंधरा दिवसांत माझ्याइतकं खूश कुणी नव्हतं. मला थांबायचं नव्हतं ना. कुणी घेणार आहे का, हे मी एकदाही विचारलं नाही. ती चूक चौघांची होती तशी माझीही होती.

हाक आलीच नाही. ते मोठं दुकानच बसलं. निम्म्या शाखांना कुलपं लागली, आमची ऑर्डर रद्द. ताई मोज्यांची पोती घेऊन दारोदार फिरल्या. पण दुसऱ्या दुकानाची खूण असलेले मोजे कोण ठेवणार? "हे लाल पट्टे नसते तर बघितलं असतं," असं प्रत्येक जण म्हणायचा आणि परत पाठवायचा. नव्या मशीनचे हप्ते थकले, तेव्हा कंपनीची माणसं येऊन तिला घेऊन गेली. जाताना ती पीं सुद्धा करू शकली नाही, वायरच काढली होती. मला हसू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

आता शटर अर्धंच वर असायचं. पूर्ण उघडावं तर आतली मोकळी खोली रस्त्याला दिसते, आणि पूर्ण पाडावं तर मन होत नाही. वाफेची पेटी बंद, दिवे बंद. मामा म्हणाले, "ताई, माझं वय झालं. मी घरी बसतो, तुमचा एक पगार वाचेल." ताई त्यांच्यावर अशा खवळल्या की विचारू नका. "कुणी घरी बसणार नाही. दोन-दोन दिवस वाटून या. उपाशी राहायचं तर सगळे थोडे थोडे राहू." मग कुणी दोन दिवस यायचं, कुणी दुसरे दोन दिवस. येऊन करायचे काय? फरशी पुसायचे आणि माझ्याकडे बघायचे.

थांबणं म्हणजे काय असतं, ते मला त्या महिन्यात कळलं. सुया जागच्या जागी. तेल घट्ट होत चाललंय हे आतून कळतंय. ट्रक गेला की जमीन हलते, आणि वाटतं, झालं, सुरू झालो! कसलं काय. आता मला कुणी चुळबुळी म्हणत नसे, कारण मी चुळबुळतच नव्हते.

अशात एक दिवस शटरखालून वाकून एक गृहस्थ आले. खिशात खडू. जुन्या मशिनी विकत घेणारा व्यापारी. त्याला सगळे खडूवाला म्हणायचे, कारण सौदा ठरला की तो मशीनवर खडूने आकडा लिहायचा. समोरच्या ब्रशवाल्याची मशीन चौदा नंबर. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्यांची पंधरा. बटणवाल्यांची सोळा. माझ्या कुशीवर त्याने लिहिलं सतरा.

"पंधरा दिवसांनी शनिवारी ट्रक आणतो," तो म्हणाला. "सगळ्या रस्त्याचा माल एकदम उचलतो." त्याने ताईंच्या हातावर इसार ठेवला, म्हणजे सौदा पक्का केल्याची थोडी आगाऊ रक्कम. ताईंनी ती तिथल्या तिथे तिघांच्या थकलेल्या पगारात वाटून टाकली. स्वतःसाठी काही ठेवलं नाही. मास्तरांनी आपला वाटा खिशात घातला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले. मला त्यांचा इतका राग आला! पण ते तरी काय करणार होते?

तर मित्रांनो, माझ्याकडे पंधरा दिवस होते. मी गेले असते तर कारखाना गेला असता, कारण मी सोडून तिथे विणणारं दुसरं कुणी नव्हतं.

आई मात्र रोज येऊन स्टुलावर बसायच्या. त्यांचे पाय सुजलेले असायचे, घोट्यापासून बोटांपर्यंत. मोज्यांच्या कारखान्याच्या मालकिणीची ही आई, पण दोन वर्षं तिच्या पायात मोजा चढला नव्हता. चढवला तर संध्याकाळी इलॅस्टिकचा खोल वळ उठायचा आणि दुखायचं. म्हणून उघड्या चपला. थंडीतही.

खडूवाला येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पोत्यातून एक मोजा काढला. कात्रीने बोटांकडची शिवण कापली, सुटलेलं टोक पकडलं आणि ओढलं. सर्र सर्र सर्र. माझ्या डोळ्यांदेखत माझा मोजा उसवायला लागला! बोटं गेली, टाच गेली, पाय गेला. लाल पट्ट्यांपाशी येऊन आई थांबल्या. पट्ट्यांचं आणि इलॅस्टिकचं कडं कापून बाजूला ठेवलं आणि धागा गुंडाळत बसल्या.

"आई, काय करतेयस?" ताई ओरडल्या.

"पट्टे त्यांचे आहेत," आई म्हणाल्या. "धागा आपला आहे."

मग ताईंनीही कात्री घेतली. वहिनी आल्या, मामा आले, आपला दिवस नसताना मास्तरही आले. पाचही जणं जमिनीवर पोती ओतून बसली आणि माझं काम उसवू लागली. मी काय सांगू तुम्हाला! मी कधी रडले नाही, मशिनीला रडता येत नाही, पण त्या दिवशी माझ्या तळातून तेलाचा एक ओघळ आला. मामा म्हणाले गळती आहे. असेल गळती.

चार दिवसांत धाग्याचे बरेच कोन भरले. मास्तरांनी त्यातला एक माझ्या डोक्यावर लावला. अखेर! मी इतकी आसुसले होते की बटण दाबताच सुसाट सुटले. खाट, खाट, खाट. तीन सुया मोडल्या. धागा सरळ नव्हताच मुळी. मामांनी वाफ देऊन मोजे कडक केले होते ना, तेव्हा धाग्याने आपली वेटोळी तशीच लक्षात ठेवली होती. कुरळ्या केसांसारखा झाला होता तो. ओढला की लांब व्हायचा, सोडला की आखडायचा.

"वाफेवर सरळ करून घेऊ," मास्तर म्हणाले.

"पेटी तापवायला परवडत नाही, मास्तर," ताई म्हणाल्या. "आहे तसा विणा."

मास्तर माझ्यापुढे बसले. "हळू, चुळबुळे! तुझी घाई आता बास झाली." त्यांनी माझं चाक बदलून मोठं बसवलं, म्हणजे मी फिरायची ती एकदम सावकाश. नऊ मिनिटांत एक मोजा. मित्रांनो, नऊ! माझी सगळी मिजास गेली. इलॅस्टिकही संपलं होतं, तेव्हा वरची पट्टी बिनइलॅस्टिकची. आणि उतरलं काय? एक फुगीर, ढगळ, केसाळ पिशवी. मोजा म्हणायचीसुद्धा लाज वाटावी.

नियमाप्रमाणे दुसराही विणला. मास्तरांनी दोन्ही मोजे बाकावर फेकले. "झालं. आता खडूवाल्याची वाट बघायची."

वहिनींना राहवेना. त्यांनी सवयीने त्यांची तोंडं शिवली. आईंनी सवयीने ती जोडी हातात घेतली, ओढून बघितली. बराच वेळ ओढत राहिल्या. मग चपला काढल्या आणि एक मोजा पायात घातला. तो चढला. घोट्यावरून, सुजेवरून, कुठे न अडता वर गेला. दुसराही गेला. आई दिवसभर तशाच बसून उसवत राहिल्या. संध्याकाळी निघताना मोजे उतरवले आणि ताईंना म्हणाल्या, "इकडे ये. माझ्या पायाला वळ आहे का बघ."

ताई गुडघ्यांवर बसल्या. पाय हातात घेऊन खिडकीकडे वळवला. वळ नव्हता. कुठेच नव्हता. ताईंनी तो पाय बराच वेळ सोडला नाही.

आईंचा रक्तदाब बघायला जवळच्या रुग्णालयातल्या एक नर्सबाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत आल्या आणि त्यांची नजर थेट आईंच्या पायांवर गेली. "हे कुठून आणलेत? माझ्या वॉर्डात बारा बायका थंडीत उघड्या पायांनी बसल्यात, एकीलाही मोजा होत नाही." त्यांनी बारा जोड्या मागितल्या. आम्ही दोन दिवसांत दिल्या. आणि तिसऱ्या दिवशी बाराच्या बारा परत आल्या!

बोटांवरची शिवण टोचते, असं त्या बायका म्हणाल्या. सुजलेल्या बोटांना जाड शिवण म्हणजे खडाच. वहिनींचा चेहरा उतरला. एवढी वर्षं त्यांच्या शिवणीला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्या तीन दिवस खिडकीपाशी बसल्या, शिवायच्या, उसवायच्या, स्वतःशी पुटपुटायच्या. शेवटी त्यांनी टाक्याला टाका जोडून, हाताने, अशी काही शिवण काढली की बोट फिरवलं तरी कुठे लागू नये. एका मोज्याला पूर्वीपेक्षा चौपट वेळ. "लागू दे वेळ," त्या म्हणाल्या, "आपल्याला कुठे गाडी पकडायची आहे?" मला तर पकडायचीच होती, म्हणजे चुकवायची होती. खडूवाल्याची गाडी.

शुक्रवारी नर्सबाई पुन्हा आल्या. शिवण आवडली. रुग्णालयाला दोनशे जोड्या हव्या होत्या, कागद हातात होता, पण पैशांची मंजुरी पुढच्या आठवड्यात. आणि शनिवार दुसऱ्याच दिवशी! इसाराचे पैसे तर पगारात संपले होते. ताई कागद हातात धरून उभ्या राहिल्या. एक आठवडा हवा होता, मित्रांनो. फक्त एक.

शनिवारी दुपारी ट्रक आला. मागे चौदा, पंधरा, सोळा नंबर आधीच चढलेले. खडूवाला दोन हमाल घेऊन आत आला. ताईंनी त्याला सरळ सगळं सांगितलं, कागदही दाखवला.

"ताई, मी ट्रकचं भाडं भरून आलोय," तो म्हणाला. "प्रत्येक जण मला पुढचा आठवडा सांगतो. मलाही घर आहे. मशीन बंद करा."

मास्तरांनी मान वर केली नाही. "पहिला मोजा झालाय. दुसरा चालू आहे. जोडी अर्धी सोडत नाही आम्ही."

"म्हणजे?"

"नियम आहे," आई स्टुलावरून म्हणाल्या. "तुम्ही बसा. होईल एवढ्यात."

खडूवाला बसला. आता सांगते, मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी काय केलं ते. मी हळू चालले. नऊ मिनिटं तर लागणारच होती, मी बेल्ट थोडा घसरू दिला आणि दहा केली, अकरा केली. टाचेपाशी तर अशी रेंगाळले की मास्तर गालातल्या गालात हसले. मोजा उतरला. खडूवाला उठायला गेला, आणि मास्तरांनी धागा न तोडता पुढचा मोजा सुरू केला!

"अहो, हे काय? झाली ना जोडी?"

"ती झाली. ही दुसरी जोडी. आता हिचा एक मोजा सुरू झाला की..."

"अर्धी सोडत नाही तुम्ही, कळलं," खडूवाला म्हणाला.

वहिनींनी चहा आणला. मामांनी हमालांना बसायला पोती दिली. तिसरी जोडी झाली, चौथी सुरू. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला, त्याला गोदाम बंद व्हायच्या आत पोचायचं होतं. माझ्या प्रत्येक सुईत धाकधूक. एक जरी मोडली असती तर मी थांबले असते, आणि थांबलेल्या मशीनला उचलायला कितीसा वेळ लागतो? मी धागा असा जपून धरला की तसा पूर्वी कधी धरला नव्हता.

खडूवाल्याने एक मोजा उचलला. ओढला, सोडला. मग हळूच म्हणाला, "खरं सांगू का? माझ्या गोदामात जागा नाही. या महिन्यात घेतलेल्या मशिनींना एक गिऱ्हाईक नाही. भंगारात घालणार आहे सगळ्या. तुम्ही इसार परत दिलात तर माझ्याच घरात चार पैसे येतील." तो उठला. "पुढचा शनिवार. पैसे तयार ठेवा, नाहीतर मी स्वतः बटण बंद करीन. आणि हिला म्हणावं, थोडं भरभर चालायला शीक!"

मला! भरभर चालायला शीक, हे मला! मास्तर इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रक गेल्यावरही ते डोळे पुसत होते, तेव्हा ते नुसतं हसू नसावं.

पुढच्या आठवड्यात रुग्णालयाचे निम्मेच पैसे आले. उरलेले कुठून आणायचे म्हणून ताई खिडकीत उभ्या होत्या. तर मामांनी, वहिनींनी, मास्तरांनी पगारातून शिल्लक होतं ते आपापलं बाकावर आणून ठेवलं. शनिवारी खडूवाल्याने इसार घेतला, रुमालाने माझ्या कुशीवरचा सतरा पुसायला गेला, तर ताई म्हणाल्या, "राहू द्या तो."

तो अजून आहे. मास्तर मला पुसतात, पण तेवढी जागा सोडून.

पुढे सगळं झटक्यात छान झालं, असं सांगायला मला आवडलं असतं. नाही झालं. दोन वर्षं लागली. वाफेची पेटी पुन्हा तापायला तर पहिलं वर्ष सरलं. पण आता वृद्धांचे आश्रम आहेत, औषधांची दुकानं आहेत, दिवसभर उभं राहून पाय सुजणारे शिंपी आणि शिक्षक आहेत. लहान लहान बरीच गिऱ्हाइकं. एकालाच सगळा माल द्यायचा नाही, हे ताईंनी भिंतीवर लिहून ठेवलंय. चार जोड्यांसाठी कुणी आलं तरी त्या स्वतः उठतात. त्या तीन हजार जोड्या कधीच उसवून संपल्या. कापलेली लाल पट्ट्यांची कडी वहिनींनी फेकली नाहीत, नवीन जोडी त्या कड्यात घालून द्यायच्या. ती संपली तेव्हा त्यांना वाईट वाटलं.

आणि माझी मजा ऐका. कुरळा धागा बाजारात मिळत नाही. तेव्हा मी आधी साधा मोजा विणते, मामा त्याला वाफ देतात, मग तो उसवतात, आणि तोच धागा मी पुन्हा विणते. म्हणजे माझं निम्मं काम आता उसवण्यासाठीच असतं. पहिल्यांदा ओघळ आणला होता मी, आठवतं ना? आता सर्र सर्र आवाज आला की मला बरं वाटतं.

आई गेल्या हिवाळ्यात गेल्या. पायात मोजे होते. स्टूल तिथेच आहे. जोड्या आता ताई लावतात, आणि परवा एक जोडी ओढून बघून म्हणाल्या, "हे दोघं अनोळखी आहेत." मग मास्तरांनी मला थोडं जास्तच तेल घातलं.

अजूनही बाहेर ट्रक थांबला की मी घाबरते. धागा आपोआप सावकाश धरते. मास्तर माझ्यावर हात ठेवतात, "अगं, दुसऱ्याच कुणाचा आहे." मला कळतं, तरी चुळबुळ जात नाही.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. तुमच्या रस्त्यावर एखादं शटर अर्धं वर दिसलं तर 'बंद आहे वाटतं' म्हणून पुढे जाऊ नका. वाका, आत डोकावा, काय बनवताय म्हणून विचारा. आत कुणीतरी स्टुलावर बसलेलं असतं. नर्सबाई वाकल्या नसत्या, तर मी आज भंगारात असते आणि आईंचे पाय शेवटपर्यंत उघडे राहिले असते. आणि घरात कुणाचे पाय सुजत असतील, तर संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून वळ आहे का बघा.

बरं, आता मला जाऊ द्या. मास्तर जेवायला उठायचे थांबलेत माझ्यासाठी. एक झालाय, दुसरा राहिलाय.